कपाटाच्या दारावरचे देश

सिडकोतल्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या उजव्या दाराला आतल्या बाजूनं एक भलामोठा कागद चिकटवलेला आहे. कागद कंपनीतला, एका रद्द झालेल्या ड्रॉइंगचा. त्याची मागची कोरी बाजू आम्ही वापरली. वर आडवे पाच देश लिहिले आणि खाली आम्हा तिघांच्या अटी. जवळपास तीन महिने आम्ही तो कागद भरत होतो. आता कपाट उघडलं की तो समोर येतो, आणि मी शर्ट काढून दार पटकन लावून घेतो.

मी टूलरूममध्ये काम करतो. म्हणजे नेमकं काय, हे पाहुण्यांना सांगताना मला वैताग येतो, तरी सांगतो. पत्र्याची कोणतीही वस्तू, मोटारसायकलच्या चेनच्या झाकणापासून दाराच्या बिजागरीपर्यंत, ज्या साच्यात दाबून निघते तो साचा म्हणजे डाय. ती मी बनवतो. वाळूजला तेवीस वर्षं हेच केलं. डोक्याच्या केसापेक्षा बारीक फरक राहिला तरी मी डाय परत मशीनवर चढवतो, आणि हाताखालच्या माणसाला चार शब्द सुनावतो. बायको म्हणते, तुमचा स्वभावपण तसाच झालाय, जरा इकडचं तिकडं झालं की तुम्हाला खपत नाही. खरं आहे, मला चिडायला फार काही लागत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी कंपनीनं डाया बाहेरून तयार आणायला सुरुवात केली. टूलरूममध्ये आम्ही अकरा जण होतो, मग सात राहिलो, आता चार. कुणाला काढलं नाही. गेला त्याच्या जागी दुसरा घेतला नाही, इतकंच. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण तोवर जर्मनीला गेला होता. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करून मला त्याच्या ग्राइंडिंग मशीनचं दर्शन घडवायचा. "सर, या इकडं. तुमच्यासारख्या हाताला इथं किंमत आहे." कौतुकाला माणूस भुलतो, मीही भुललो. शिवाय माझं वय बेचाळीस. आणखी दोन-तीन वर्षांनी कुठलाच देश मला विचारणार नाही, हेही कळत होतं.

मग तो कागद आला. उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्या गल्लीत नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं. पाणी येण्याची वाट बघत आम्ही तिघं पंख्याखाली बसायचो आणि परदेशातल्या बर्फावरून भांडायचो. लेक नववीत जाणार होती. तिची पहिली अट, शाळा सकाळी किती वाजता भरते. दुसरी, मांजर पाळता येतं का. एवढ्यावर तिनं न्यूझीलंड जवळजवळ नक्की केलं होतं. माझ्या अटी रीतसर होत्या: काम, पगार, भाषा, कायम राहता येईल का. बायकोनं फक्त एक अट लिहिली, 'आजारी पडलं तर शेजारी येतात का'. त्याचं उत्तर कुठल्याच वेबसाइटवर मिळेना. जर्मनीत हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, हे ऐकल्यावर तिनं जर्मनीच्या रकान्यात नुसतं 'अंधार' असं लिहिलं. मी खोडलं. तिनं परत लिहिलं.

ते दिवस मला अजून आठवतात, कारण तेव्हा देश आम्ही निवडत होतो.

जूनमध्ये आम्ही जालना रोडवरच्या एका सल्लागाराकडे गेलो. काचेचं ऑफिस, टेबलावर सगळ्या देशांचे छोटे झेंडे, आणि टाय लावलेला एक सभ्य तरुण. माझा अनुभव बघून तो म्हणाला, "सर, तुमचं प्रोफाइल स्ट्राँग आहे. दोन-तीन देशांत सहज बसेल." मी बायकोकडे बघितलं, जणू तिनं आजवर याबद्दल शंकाच घेतली होती. मग त्यानं एक यादी पुढं सरकवली. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, शिक्षणाचे कागद, मुलीचा जन्मदाखला.

जन्मदाखला म्हटल्यावर बायको झेंड्यांकडे बघायला लागली.

आमची लेक आमच्या पोटची नाही. यात लपवण्यासारखं काही नाही आणि आम्ही कधी लपवलंही नाही. ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा आणि वहिनी करमाडला असतात, तिथं आमची शेती आहे. लग्नाला सहा वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. तिसऱ्या वेळेनंतर बायको बोलेनाशी झाली. जेवायची, कामं करायची, पण बोलायची नाही. त्या दिवाळीत आम्ही करमाडला गेलो. वहिनींना दोन मुलं होती आणि त्यांच्या पाठीवर अकरा महिन्यांची मुलगी. मुलगी व्हावी म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, ते मला माहीत होतं. पाडव्याच्या सकाळी त्यांनी बायकोला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. आणि मग आत जाऊन झोपेतली मुलगी उचलून आणली आणि तिच्या पदरात ठेवली. म्हणाल्या, "दोन पोरं हायेत मला. ही तुझी."

एवढंच झालं. ना वकील, ना कागद. आमच्याकडे ओटीत घातलं म्हणजे दिलं. मी तेव्हा कागदाचा विषय काढला असता तर दादानं मला घराबाहेर काढलं असतं, आणि मला तो सुचलाही नाही.

पुढं शाळेत घालताना मी सांगितलं, बापाच्या जागी माझं नाव लिहा. त्यांनी लिहिलं. शाळेच्या दाखल्यावरून आधार कार्ड निघालं, त्यावरही मीच. जन्मदाखला मात्र करमाडचाच राहिला, त्यावर आई वहिनी आणि बाप दादा. चौदा वर्षं ते दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत एकमेकांना चिकटून होते. केसाएवढा फरक मला चालत नाही म्हणून मी मघाशी फुशारकी मारली. हा फरक मला दिसला नाही.

लेक वहिनींना मोठी आई म्हणते. सुट्टी लागली की करमाडला जाते, भाऊबीजेला दोघा भावांना ओवाळते. वहिनी तिला रागवायच्याही भरपूर. केस मोकळे सोडले म्हणून, चपला दारात काढल्या म्हणून, फराळाच्या डब्यात हात घातला म्हणून. पाठीत धपाटासुद्धा बसायचा. मला ते आवडायचं नाही. एकदा मी बायकोला म्हणालो, दिली ना एकदा, मग रागवतात कशाला? ती म्हणाली, "रागवू द्या. तेवढं तरी राहू द्या त्यांना."

तर त्या काचेच्या ऑफिसात मी हे सगळं त्या तरुणाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, दोन कागदांवर दोन वडील आहेत. हे बाहेर चालणार नाही."

मी आवाज चढवला. म्हणालो, बाप एकच आहे, तुमच्यासमोर बसलाय. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बायकोनं माझा हात दाबला. तो तरुण मात्र खाली मान घालून यादीतल्या जन्मदाखल्यावर गोल करत राहिला.

त्या दिवसापासून कागदावरच्या सगळ्या अटी संपल्या. पगार, बर्फ, मांजर, अंधार, काही उरलं नाही. प्रश्न एकच: कोणता देश तिला आमची मुलगी मानेल? मी रोज जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या पार्किंगमध्ये उभा राहून फोन करायचो. प्रत्येक देशाची भाषा वेगळी, फॉर्म वेगळे, पण उत्तर सारखंच. आखातातलंही तेच. एका गोष्टीवर मात्र सगळ्या देशांचं एकमत होतं: तुम्ही एकटे येऊ शकता. मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बायको भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. "मग जा," एवढंच म्हणाली. नंतर दोन दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोललो.

कोर्टाजवळच्या एका वकिलांनी मार्ग सांगितला. रीतसर दत्तकपत्र करा, नोंदणी करा. पण मुलीला पंधरा पूर्ण व्हायच्या आत, नंतर कठीण जातं. लेकीला डिसेंबरात पंधरा पूर्ण होणार होती. म्हणजे हातात पाचच महिने. वकील म्हणाले, "आणि एक लक्षात घ्या. एकदा दत्तक झालं की झालं. मग ते कुणालाच मोडता येत नाही. देणाऱ्यांना नाही, तुम्हाला नाही, मुलीलाही नाही." ते ऐकून मला हायसं वाटलं. वाटलं, या दुनियेत एक तरी कागद पक्का आहे.

ऑगस्टमध्ये मसुदा घेऊन मी एकटाच करमाडला गेलो. वहिनी ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दादा बाजेवर होता. मी मसुदा काढला तसा तो म्हणाला, "वाचू नको उगाच. सही कुठं करायची ते सांग."

वहिनी म्हणाल्या, "वाचा की. आमाला बी कळू द्या."

मी वाचायला लागलो. नावं, पत्ते, मुलीची जन्मतारीख. मग ते वाक्य आलं, की यापुढे सदर मुलीवर तिच्या नैसर्गिक मातापित्यांचा कोणताही हक्क अथवा संबंध राहणार नाही. मी ते घाईनं वाचून पुढं निघालो होतो.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तेवढं परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांचे हात थांबले होते.

"भाऊजी, पोरगी म्या दिली व्हय. नाय म्हनत नाय. पन नातं कवा दिलं?"

"वहिनी, ती नुसती कोर्टाची भाषा हाय. तसं काय नसतं."

"भाषाच हाय तर बदला की."

"नाय बदलता येत."

"मंग नुसती भाषा कशी म्हन्ता?"

कंपनीत कुणी असा प्रश्न विचारला की मी ओरडतो, म्हणजे वेळ निघून जातो. इथं ओरडायला जागाच नव्हती. दादा म्हणाला, "अगं, पोरगी परदेशात जायली. लई मोठं व्हईल तिचं." वहिनी शेंगा बाजूला सारून उठल्या. त्यांनी मला जेवायला वाढलं. निघताना मुगाची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "तिला लाडू करून घाला." सहीचं काही बोलल्या नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी वाट बघितली. फोन करायची हिंमत होत नव्हती. मी काय मागतोय हे मला कळत होतं आणि मला ते हवंही होतं. अशा वेळी माणसाला स्वतःची लाज वाटते, पण लाज वाटली म्हणून मागणं काही तो मागं घेत नाही. लेकीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "मोठी आई मोठी आईच राहणार ना? मग करा." मी हो म्हणालो. त्या वयाच्या मुलीला पासपोर्ट दिसत असतो.

मग दादाचा फोन आला. "ती करते म्हन्ते सही. पन एकदा ओटी भरूनच करीन म्हन्ते."

सप्टेंबरात आम्ही सगळे रजिस्ट्री ऑफिसला जमलो. वहिनींनी पिशवीत नारळ, खण, गहू, सगळं आणलं होतं. ऑफिसच्या व्हरांड्यात, खरेदीखतांच्या गर्दीत, त्यांनी बायकोला बाकावर बसवलं आणि ओटी भरली. प्लॉट घ्यायला आलेले लोक बाजूला झाले. लेक शाळेच्या गणवेशातच आली होती, दुपारी तिची चाचणी होती. वहिनींनी तिचा हात धरून बायकोच्या हातात दिला. लेक हसली, म्हणाली, "मोठी आई, मी आता काय मांडीवर मावते का?" वहिनीही हसल्या. बायको रडायला लागली, तशी लेक गोंधळली.

आत मशीनवर अंगठा ठेवायचा होता. वहिनींचा अंगठा मशीन घेईना. शेतात राबून रेघाच उरल्या नव्हत्या. क्लार्क म्हणाला, पुसून परत ठेवा. त्यांनी पदरानं पुसला, परत ठेवला. नाही. परत पुसला. चार-पाच वेळा झालं. शेवटी क्लार्कनं त्यांचा अंगठा स्वतःच्या बोटांनी दाबून धरला तेव्हा मशीनचा आवाज आला आणि झालं. मी शेजारी उभा होतो. एकदा वाटलं, राहू द्या म्हणावं. म्हणालो नाही.

कागद घेऊन मी दुसऱ्याच दिवशी सल्लागाराकडे गेलो. मिठाईही नेली होती, काय म्हणावं मला. त्यानं कागद नीट वाचला, फोटो काढून कुठं तरी पाठवला, आणि आठ दिवसांनी मला बोलावलं.

"सर, अडचण आहे. दत्तकपत्र सप्टेंबरचं, तुमची फाइल जूनपासूनची. ते म्हणतील, परदेशी नेण्यासाठीच दत्तक घेतलं."

"ती चौदा वर्षं माझ्या घरात आहे."

"पुरावा?"

मी शाळेचे सगळे दाखले पुढं केले. प्रत्येकावर बाप म्हणून माझं नाव. त्यानं ते बघितले आणि तसेच हळूच परत सरकवले. "सर, दत्तक आत्ता झालं. मग तेव्हा तुम्ही वडील कसे होतात, असं विचारतील. हे कागद न दाखवलेलेच बरे."

"मग काय करायचं?"

"दोन-तीन वर्षं जाऊ द्या. कागद जुना झाला की बघू."

"तोवर माझं वय?"

"हो, सर." त्याला खरंच वाईट वाटत होतं. म्हणाला, "दुसरा एखादा देश बघू या का?"

बाहेर येऊन मी गाडीला किक मारत बसलो. गाडी बटन स्टार्ट आहे. कितीतरी वेळानं लक्षात आलं.

दिवाळीत लेक दरवर्षीसारखी करमाडला गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला सिडको बसस्टँडवर गेलो. तिच्या हातात नव्या ड्रेसचं पाकीट, फराळाचे दोन डबे. एरवी स्टँडवर उतरल्यापासून तिची टकळी सुरू होते: कोणत्या भावानं काय केलं, म्हैस कशी मारायला आली. या वेळी गाडीवर मागं गप्प बसून होती. मला वाटलं, बस लागली असेल.

घरी आल्यावर ड्रेस ठेवायला तिनं कपाट उघडलं आणि त्या कागदासमोर उभी राहिली. न्यूझीलंडच्या खाली तिनंच काढलेलं मांजर होतं.

"पप्पा, मोठी आई आता मला रागवत नाही."

"बरंच झालं की," मी म्हणालो.

"माझ्या हातून पणती सांडली. नव्या रांगोळीवर सगळं तेल. मी म्हटलं, आता बसणार धपाटा. तर म्हणाली, असू दे बाई, मी पुसते." तिनं डबा टेबलावर ठेवला. "मला पाटावर बसवून वाढलं. मी भांडी घासायला बसले तर उठवलं. म्हणाली, पाहुण्यासारखं येत जा आता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आपण कुठंच जाणार नाही आहोत ना?" लेकीनं विचारलं.

"सध्या तरी नाही."

"मग तो मोठ्या आईनं सही केलेला कागद परत देऊन टाका ना."

मी बायकोकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. आता कुणालाच मोडता येणार नाही, असं वकिलांनी सही व्हायच्या आधीच सांगितलं होतं. तेव्हा मला ते ऐकून हायसं वाटलं होतं.